लाव्हा लॅम्पमधलं मेण हलत नाही? बाटली उघडण्याआधी हे तपासा

दिवा लावून दोन तास झाले तरी खालचं मेण जागचं हलत नाही. किंवा सगळं मेण वर जाऊन टोपीखाली ठाण मांडून बसलंय. किंवा एका मोठ्या गोळ्याऐवजी तळाशी साबुदाण्यासारखे शंभर दाणे झालेत. लाव्हा लॅम्प नवीन घेतलेल्या माणसाच्या तक्रारी साधारण एवढ्याच असतात. अशा वेळी बहुतेकांना वाटतं की आतलं पाणी बिघडलं, मेण जुनं झालं, बाटली उघडून काहीतरी घालायला हवं. तसं करू नका. या दिव्याचे बहुतेक बिघाड उष्णतेचे असतात आणि ते बाटलीच्या बाहेरूनच दुरुस्त होतात. बाटली एकदा उघडली की मात्र ती पहिल्यासारखी होईलच असं नाही.

म्हणून तपासणीचा क्रम पाळा: आधी वेळ, मग बल्ब, मग खोली, मग तळाची स्प्रिंग, आणि द्रव सगळ्यात शेवटी.

आधी हा दिवा चालतो कसा

एडवर्ड क्रेव्हन वॉकर या इंग्रज गृहस्थांनी 1963 मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पूल गावात हा दिवा बाजारात आणला. त्याचं पहिलं मॉडेल ‘अ‍ॅस्ट्रो’. त्यांची कंपनी आज ‘मॅथमॉस’ नावाने चालते. अमेरिकेत हक्क विकले गेल्यावर शिकागोत वेगळं उत्पादन सुरू झालं आणि ‘लाव्हा लॅम्प’ हे नाव तिथूनच जगभर गेलं. इतकी वर्षं झाली, पण रचनेचं तत्त्व तेच आहे.

बैठकीत एक बल्ब असतो. त्यावर काचेची बाटली. बाटलीत रंगीत पाणी आणि मेण, तळाशी धातूची एक वेटोळी स्प्रिंग, आणि वर थोडी मोकळी जागा. थंड असताना मेण पाण्यापेक्षा किंचित जड असतं म्हणून तळाला बसतं. बल्बच्या उष्णतेने ते वितळतं, फुगतं, पाण्यापेक्षा हलकं होतं आणि वर चढतं. वर बल्बपासून लांब गेल्यावर निवतं, आक्रसतं, पुन्हा जड होऊन खाली येतं. पाणीही तापल्यावर फुगतं, पण मेणाच्या मानाने फारच कमी. सगळा खेळ या फरकावर चालतो.

यातला मेण आणि पाण्याच्या घनतेतला फरक अगदी बारीक ठेवलेला असतो. म्हणूनच खोलीचं तापमान पाच-सात अंशांनी बदललं किंवा बाटलीत चमचाभर मीठ पडलं, तरी चाल पार बदलते. साधं मेणबत्तीचं मेण पाण्यापेक्षा बरंच हलकं असतं, ते थंड असतानाही तरंगतं. दिव्यातल्या मेणात ते जड करणारा पदार्थ मिसळलेला असतो. तेव्हा मेण कमी वाटलं म्हणून मेणबत्ती किसून टाकायचा विचार मनात आलाच तर तो तिथेच सोडून द्या.

दिव्याला खालून तापणं आणि वरून निवणं, दोन्ही लागतं. खालचं तापणं कमी पडलं तर मेण उठत नाही. वरचं निवणं कमी पडलं तर उठलेलं मेण उतरत नाही. पुढचं सगळं या दोन वाक्यांत बसतं.

पायरी 1: पुरेसा वेळ दिलाय का?

साडेचौदा इंच उंचीच्या दिव्याला थंड अवस्थेतून नीट वाहू लागायला दोन ते तीन तास लागतात. सतरा इंचीला तीन-चार तास, आणि 27 इंची मोठ्या दिव्याला त्याहून बराच जास्त वेळ. अगदी नवा दिवा किंवा महिनोन् महिने बंद असलेला दिवा पहिल्या दोन-तीन वेळा यापेक्षाही रेंगाळतो.

वाट बघताना काय दिसतं ते माहीत असावं, कारण मधल्या टप्प्यावरच लोक घाबरतात. पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात खालचं मेण मऊ पडतं, पण वरचा थर अजून कडक असतो. तो थर फोडून आतलं मेण बाहेर येतं आणि सुळक्यांसारखं, वेड्यावाकड्या फांद्यांसारखं वर चढतं. कधी हा सुळका थेट टोपीपर्यंत जाऊन तसाच गोठून राहतो. हा बिघाड नाही. पाणी पुरेसं तापलं की सुळका मऊ होऊन कोसळतो, सगळं मेण तळाला गोळा होतं आणि त्यानंतर खरे गोळे सुटू लागतात.

या काळात बाटली हलवू नका, ठोकू नका, उचलून बघू नका. गरम मेण पाण्यात घुसळलं गेलं की त्याचे बारीक कण होतात आणि पाणी दुधाळ होतं. बाकीचं बहुतेक सगळं सुधारता येतं, हे सुधारणं मात्र सर्वांत कठीण.

चार तास झाले, मोठ्या दिव्याला सहा, आणि तरीही काही नाही? मग पुढे चला.

पायरी 2: बल्ब

दिवा बंद करा, प्लग काढा, किमान एक तास निवू द्या. मग बाटली दोन्ही हातांनी सरळ वर उचलून बाजूला ठेवा आणि बल्बवर छापलेलं वाचा.

पहिला प्रश्न: बल्ब एलईडी तर नाही? बल्ब गेला, दुकानातून त्याच आट्यांचा नवा आणला, दिवा उजळला, पण मेण ढिम्म. याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. एलईडीच्या खोक्यावर ‘25 वॅटइतका प्रकाश’ असं लिहिलेलं असतं, पण तो प्रत्यक्षात तीन-चार वॅटच घेतो आणि तेवढीच उष्णता देतो. लाव्हा लॅम्पला बल्ब प्रकाशापेक्षा शेगडी म्हणून जास्त हवा असतो. तिथे जुन्या पद्धतीचा तारेचा, म्हणजे फिलामेंटचा बल्बच लागतो, किंवा त्याच वॅटचा हॅलोजन. सीएफएलही चालत नाही.

दुसरा प्रश्न वॅटचा. बैठकीच्या तळाला किंवा होल्डरजवळ चिकटवलेल्या पट्टीवर लिहिलेला आकडा अंतिम समजा. पट्टी निघून गेली असेल तर अमेरिकी दिव्यांसाठी साधारण अंदाज असा: साडेचौदा इंचीला 25 वॅट, सोळा-सतरा इंचीला 40 वॅट, 27 इंचीला 100 वॅट. मेण उठत नाही म्हणून 25 च्या जागी 60 चा बल्ब बसवू नका. मेण एकदम वर जाऊन तिथेच अडकेल, बाटलीतला दाब वाढेल, आणि होल्डरचं प्लास्टिक जळायला लागेल ते वेगळंच.

तिसरा प्रश्न आकाराचा, आणि हा सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. वॅट बरोबर असले तरी बल्ब बुटका असला तर त्याचं डोकं बाटलीच्या तळापासून लांब राहतं आणि निम्मी उष्णता बैठकीच्या भिंती तापवण्यात जाते. ज्या दिव्यात मूळचा बल्ब डोक्याशी पसरट आणि आतून चंदेरी मुलामा दिलेला होता, म्हणजे रिफ्लेक्टर प्रकारचा, तिथे साधा गोल बल्ब लावला तरी हेच होतं. रिफ्लेक्टर बल्ब उष्णता सरळ वर फेकतो, साधा बल्ब चहूबाजूंना. मूळ बल्ब जपून ठेवा आणि नवा घेताना शेजारी धरून उंची, घेर आणि डोक्याचा आकार जुळवा.

भारतात 15, 25 आणि 40 वॅटचे फिलामेंट बल्ब इलेक्ट्रिकच्या दुकानात विचारले तर अजून मिळतात. आपण ज्याला ‘झिरोचा बल्ब’ म्हणतो तो फिलामेंटचा असेल तर प्रत्यक्षात बारा-पंधरा वॅट घेतो. छोट्या दिव्यात तो चालू शकतो, साडेचौदा इंचीला कमी पडतो. बारीक आट्यांच्या ई-14 होल्डरसाठी फ्रिजचा किंवा ओव्हनचा बल्ब विचारा. युरोप, ब्रिटन, अमेरिकेत राहणाऱ्यांना साधे फिलामेंट बल्ब आता सहज मिळत नाहीत. तिथेही उपकरणांसाठीचे छोटे बल्ब विकले जातात, त्या कप्प्यात शोधा.

अमेरिकेतून आणलेला दिवा

नातेवाइकांनी भेट म्हणून आणलेल्या दिव्याचं हे वेगळंच दुखणं आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. तो दिवा 120 व्होल्टचा असतो. फक्त प्लगचा अडॅप्टर लावून आपल्या 230 व्होल्टच्या बोर्डात खुपसला तर 25 वॅटच्या बल्बवर त्याच्या क्षमतेच्या अडीच-तीन पट भार येतो आणि तो क्षणात उडतो. कधी फुटतोही.

दोन मार्ग आहेत. सोपा मार्ग म्हणजे 230 चे 110 व्होल्ट करून देणारा ट्रान्सफॉर्मर. 25 किंवा 40 वॅटच्या दिव्याला 100 व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर, ट्रान्सफॉर्मरच्या क्षमतेचं माप) पुरतो, 100 वॅटच्याला 200 व्हीएचा घ्या. यात एक खोच आहे. 120 च्या बल्बला 110 व्होल्ट मिळाले की उष्णता बारा-पंधरा टक्क्यांनी घटते. मुंबईच्या उकाड्यात काही जाणवत नाही, पण पुण्या-नाशिकच्या डिसेंबरात तेवढ्यानेच दिवा अडून बसतो. 120 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर मिळाला तर तोच घ्यावा. 50 हर्ट्‌झ की 60, याने फिलामेंट बल्बला काहीही फरक पडत नाही.

दुसरा मार्ग: इलेक्ट्रिशियनकडून होल्डर, वायर, वायरीवरचं बटण आणि प्लग असं सगळंच आपल्याकडचं बसवून घ्यायचं आणि 230 व्होल्टचा त्याच वॅटचा बल्ब लावायचा. अर्धवट बदल नको. तिकडची वायर आणि बटण 125 व्होल्टसाठी बनवलेले असतात. बैठक धातूची असेल तर तीन पिनांचा प्लग लावून बैठकीला अर्थिंग द्यायला सांगा. बऱ्याच अमेरिकी दिव्यांत ई-17 नावाचे मधल्या मापाचे आटे असतात, आपल्या ई-14 आणि ई-27 च्या मधले. त्या मापाचे बल्ब इकडे सहसा मिळत नाहीत. होल्डर बदलायचा नसेल तर येताना चार-पाच बल्ब जास्तीचे आणायला सांगा. विमानात बाटली हातातल्या सामानात चालत नाही, द्रव 100 मिलिलिटरच्या वर असतो. चेक-इन बॅगेत कपड्यांत गुंडाळून उभी ठेवायची. घरी पोचल्यावर एक पूर्ण दिवस नुसती उभी राहू द्या, मगच लावा.

उलट प्रवासातही त्रास आहे. इथला 230 व्होल्टचा बल्ब तिकडे 120 वर लावला तर तो मिणमिणतो आणि मेण कधीच वितळत नाही.

आणखी एक, खास आपल्याकडचं. गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं. 230 चे 180 झाले की बल्बची उष्णता जवळपास दोन-तृतीयांशावर येते, म्हणजे 25 चा बल्ब 17 वॅटसारखा वागतो. सकाळी छान चालणारा दिवा रात्री आठला अडत असेल तर मल्टिमीटरने बोर्डाचं व्होल्टेज मोजा. दिव्यात दोष नाही, घरातला पंखाही त्या वेळी हळूच फिरत असेल.

पायरी 3: खोली आणि जागा

हे दिवे 20 ते 25 अंश सेल्सिअसच्या खोलीसाठी जमवलेले असतात. इंग्लंड-अमेरिकेतल्या घरांसाठी ते ठीकच, पण आपल्याकडे वर्षातले चार-पाच महिनेच तसे मिळतात. त्यामुळे एकच दिवा जानेवारीत एका प्रकारे बिघडतो आणि मे महिन्यात बरोबर उलट प्रकारे.

थंडीत: मेण तळाशी गोळा होऊन राहतं, किंवा सुळका अर्ध्यावर गोठतो, किंवा गोळे वर जातात पण फार आळसाने. दिवा खिडकीपासून, बाहेरच्या भिंतीपासून, एसीच्या झोतापासून आणि पंख्याखालून हलवा (अर्थात थंड असताना). छताचा पंखा हा इथला सगळ्यात मोठा गुन्हेगार आहे. तो बाटलीभोवतीची ऊब सतत उडवून नेतो. पंखा बंद करून तासभर बघा, पुष्कळदा तेवढ्यानेच काम होतं. थंड ग्रॅनाइट किंवा फरशीवर ठेवला असेल तर लाकडी टेबलावर ठेवा. बाटलीवर टॉवेल गुंडाळण्याचा सल्ला ऐकायला मिळेल. तो पाळू नका, कापड बल्बपर्यंत घसरलं तर पेट घेतं.

उन्हाळ्यात: नागपूर-अकोल्याकडे खोलीच 38-40 अंशांवर असते. मेण उठतं, वर जातं आणि वर निवायला जागाच नसते. मग एक मोठा गोळा टोपीखाली तरंगत राहतो, किंवा मधोमध स्थिर लटकतो. उपाय म्हणजे दिवा बंद करून तासभर निवू देणं, आणि मग बल्बची उष्णता कमी करणं. त्यासाठी फिलामेंट बल्बचा डिमर, म्हणजे बल्ब कमी-जास्त करणारं बटण, उत्तम. इलेक्ट्रिकच्या दुकानात दोन-अडीचशे वॅटपर्यंतचा डिमर मागा. पूर्ण वेगाने तापवायचं, मेण उठू लागलं की डिमर हळूहळू उतरवायचा, आणि प्रत्येक बदलानंतर किमान अर्धा तास थांबायचं. या दिव्याला उत्तर द्यायला वेळ लागतो. पाच मिनिटांत परिणाम दिसला नाही म्हणून पुन्हा फिरवलं तर तुम्ही त्याच्यामागे नुसते धावत राहाल.

डिमर हे एकच साधन असं आहे जे हिवाळा आणि उन्हाळा दोन्ही सांभाळतं. भारतात लाव्हा लॅम्प ठेवायचा तर डिमर हा चैनीचा भाग समजू नये.

दिवा ठीक तापलाय का, हे हाताने कळतं. नीट वाहत असलेल्या दिव्याच्या बाटलीला बोट टेकवता येतं पण फार वेळ ठेववत नाही. काच साधारण 50 ते 60 अंशांवर असते. कोमट लागली तर उष्णता कमी, बोट चटकन मागे घ्यावं लागलं तर जास्त.

पायरी 4: तळाची स्प्रिंग

बाटलीच्या तळाशी बसलेलं धातूचं वेटोळं शोभेचं नाही. ते खालची उष्णता मेणात पसरवतं. त्याहून मोठं काम म्हणजे खाली आलेले गोळे त्याला टेकले की त्यांच्यावरचा पृष्ठताणाचा पडदा मोडतो आणि ते पुन्हा एका मेणात मिसळतात. स्प्रिंग जागेवर नसली की खाली आलेले गोळे एकमेकांना चिकटत नाहीत, नुसते एकमेकांवर बसून राहतात. तळाशी दाण्यांचा ढीग दिसला की आधी स्प्रिंग बघा.

प्रवासात बाटली आडवी झाली की स्प्रिंग घसरून वर मेणात रुतते, तिरकी होते किंवा थंड मेणाच्या आत अडकते. तिला जागेवर आणायची पद्धत:

1. दिवा नेहमीसारखा लावून मेण पूर्ण वितळू द्या, तीन-चार तास. पुष्कळदा धातूच्या वजनानेच स्प्रिंग खाली बसते आणि पुढचं काहीच करावं लागत नाही.
2. नाही बसली तर दिवा बंद करून प्लग काढा. जाड कोरड्या फडक्याने बाटली बैठकीतच धरून डावीकडे-उजवीकडे पाव फेऱ्याइतकी, हलक्या झटक्याने फिरवा. वर-खाली मुळीच नाही. तीन-चार वेळा पुरे.
3. स्प्रिंग सपाट बसली की बाटलीला हात न लावता रात्रभर निवू द्या. मेण स्प्रिंगभोवती गोठतं आणि ती तिथेच धरली जाते.
4. दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून लावा.

स्प्रिंग जागेवर असूनही दाणे होत असतील तर दिवा जास्त तापलाय किंवा हलवला गेलाय. बंद करून पूर्ण थंड करा आणि पुन्हा लावा. एका फेऱ्यात फरक पडला नाही तरी असे तीन-चार फेरे करा, दर वेळी सहा ते आठ तास चालू आणि मग पूर्ण थंड. दर फेऱ्याला दाणे कमी होत जातात.

गढूळ पाणी, काचेला चिकटलेलं मेण, उडालेला रंग

नव्या दिव्याचं पाणी पहिल्या काही वेळा थोडं धुरकट दिसणं नेहमीचं आहे. ते वरच्याच फेऱ्यांनी निवळतं. गरम असताना हलवल्यामुळे गढूळ झालं असेल तर याच पद्धतीने आठ-दहा फेरे द्या. काही बाटल्या निवळतात, काही कायमच्या तशा राहतात. दिवा शून्याखालच्या थंडीत पडून राहिला असेल, उदाहरणार्थ परदेशात गॅरेजमध्ये किंवा हिवाळ्यातल्या कुरिअरमध्ये, तर मिश्रण फुटून गढूळ होतं आणि ते सहसा परत येत नाही.

थंड असताना काचेला चिकटलेलं मेण तापल्यावर सुटतं. तापूनही चिकटूनच राहत असेल तर पाण्यातला सर्फॅक्टंट, म्हणजे मेण काचेपासून सुटं ठेवणारा साबणासारखा घटक, संपत आलाय. असं जुन्या दिव्यांत होतं.

रंग उडतो तो उन्हाने. खिडकीतला दिवा फिका पडणारच. परत आणता येत नाही, निदान जागा बदला.

पायरी 5: द्रव बदलणं, आणि तेही इतर सगळं करून झाल्यावरच

बाटली उघडली की कंपनीची हमी संपते. नवा दिवा असेल तर विक्रेत्याकडे परत द्या. आणि एक सक्त सूचना: 1960-70 च्या काळातला जुना दिवा उघडू नका. 1968 च्या अमेरिकी पेटंटात मेण जड करण्यासाठी कार्बन टेट्राक्लोराइड वापरल्याचं लिहिलेलं आहे. ते विषारी आहे, त्याची वाफही.

अलीकडचा, गढूळ झालेला आणि अन्यथा टाकूनच द्यायचा असलेला दिवा असेल तर प्रयत्न करून बघण्यासारखा आहे. लागेल ते असं: दोन लिटर डिस्टिल्ड वॉटर (बॅटरीचं पाणी घेणार असाल तर सीलबंद आणि फक्त डिस्टिल्ड असं लिहिलेलं), औषधाच्या दुकानातलं एप्सम सॉल्ट, रंग नसलेला भांडी घासायचा लिक्विड साबण, दहा मिलिलिटरची सिरिंज, ओपनर. नळाचं पाणी वापरू नका, त्यातले क्षार काचेवर आणि मेणावर बसतात. घरातलं मीठही नको. त्यात आयोडीन आणि मीठ मोकळं राहावं म्हणून घातलेली पूड असते, आणि मिठाने स्प्रिंगला गंज चढतो.

बाटली रात्रभर थंड होऊ द्या, मेण दगडासारखं हवं. सजावटीच्या टोपीखाली सोड्याच्या बाटलीसारखं बूच असतं, ते न वाकवता काढा. पाणी हळूच ओतून टाका, मेण आणि स्प्रिंग आत राहतील. थंड डिस्टिल्ड पाणी काचेच्या कडेने सोडून दोन-तीन वेळा खंगाळा, फेस येईनासा होईपर्यंत. मग पूर्वीच्या पातळीपेक्षा तीन सेंटिमीटर कमी भरा आणि बूच नुसतं वर ठेवून दिवा लावा.

तीन-चार तासांत मेण वितळेल पण उठणार नाही, कारण साधं पाणी मूळ द्रवापेक्षा हलकं आहे. आता एक थेंब साबण दहा थेंब पाण्यात मिसळून त्यातले दोन-तीन थेंब घाला. जास्त झालं तर मेणाचे बारीक दाणे होतात आणि मग सगळं पाणी पुन्हा बदलावं लागतं. त्यानंतर 100 मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात 25 ग्रॅम एप्सम सॉल्ट विरघळवून गाळून घ्या आणि सिरिंजने 5 मिलिलिटर सोडा. वीस मिनिटं थांबा. पुन्हा 5. मेणाचा माथा फुगून मान वर काढू लागला की 1 मिलिलिटरवर या. या टप्प्यावर घाई केलेली बाटली हमखास बिघडते: मेण एकदम वर जातं आणि खाली येतच नाही. तसं झालंच तर वरून 20 मिलिलिटर द्रव काढा आणि तेवढंच डिस्टिल्ड पाणी घाला. या सगळ्या कामाला एक अख्खा दिवस धरा.

एप्सम सॉल्टच्या पाण्याऐवजी प्रॉपिलीन ग्लायकॉल मिळालं तर ते जास्त चांगलं. ते पाण्यापेक्षा थोडंच जड असल्यामुळे चूक सावरायला वाव राहतो आणि स्प्रिंगही गंजत नाही. पण नाव नीट वाचून घ्या. गाडीच्या कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं, ते घरात लहान मुलं किंवा मांजर-कुत्रं असताना उघड्या बाटलीत नको.

रंग घालायचा तर सगळ्यात शेवटी, खाण्याच्या रंगाचे दोन-तीन थेंब. बाटली पूर्ण निवल्यावर बूच घट्ट बसवा आणि वरची मोकळी जागा भरून काढू नका. सहाशे मिलिलिटर पाणी 25 वरून 60 अंशांवर गेलं की आठेक मिलिलिटरने फुगतं, मेणाचं फुगणं आणखी वर. ती हवा नसली तर दाब बुचावर आणि काचेवर येतो.

काही गोष्टी ज्यांना अपवाद नाही

बाटली गॅसवर, मायक्रोवेव्हमध्ये किंवा उकळत्या पाण्यात तापवू नका. 2004 मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात केंट इथे स्टोव्हवर तापवलेला लाव्हा लॅम्प फुटला आणि उडालेल्या काचेने एका तरुणाचा जीव गेला. बंद काचेच्या बाटलीत वाढता दाब असतो, ती फुटते तेव्हा इशारा देत नाही.

काचेला बारीक चीर, बुचाजवळ ओल किंवा पाण्याची घटती पातळी दिसली तर दिवा लावू नका. खाली विजेचा होल्डर आहे.

सलग आठ तासांवर चालवू नका, दहा तास ही अगदी टोकाची मर्यादा. त्यानंतर मेण तसंही जास्त तापून गोळा होऊन बसतं. बटणाऐवजी टायमर प्लग लावला तर संध्याकाळी चारला चालू आणि रात्री अकराला बंद अशी सोय होते, आणि पाहुणे यायच्या वेळी दिवा वाहत असतो.

शेवटचं खरेदीबद्दल. बाजारात लाव्हा लॅम्प म्हणून विकले जाणारे पुष्कळ दिवे लाव्हा लॅम्प नसतात. बॅटरीवर किंवा यूएसबीवर चालणारा, हाताला थंड लागणारा, आत एलईडी असलेला दिवा म्हणजे चमकी, तेल किंवा बुडबुड्यांचा दिवा. त्यात मेण वाहत नाही, आणि वरच्या कुठल्याही पायरीने वाहणार नाही. घेताना तीन गोष्टी बघा: फिलामेंट किंवा हॅलोजन बल्ब, तळाशी धातूची स्प्रिंग, आणि थंड असताना तळाला घट्ट बसलेलं मेण.